जयरामबाबांची शेवटची ओळ

आमच्या कारखान्यातला प्रत्येक चाचणी-अहवाल इंग्रजीत असायचा आणि त्याची शेवटची ओळ मराठीत असायची. इंग्रजी मजकूर मी टायप करायची. मराठी ओळ जयरामबाब सहीच्या खाली स्वतःच्या हाताने लिहायचे, शाळेतल्या कित्त्यासारख्या गोल अक्षरात. सुरुवात ठरलेली असे: ‘या चाचणीने कळले नाही ते असे.’ आणि पुढे, त्या दिवशी भट्टीने जे सांगितलं नाही ते. आमचे मॅनेजर त्या ओळीला अपशकुन म्हणायचे. मी मनातल्या मनात शेपूट म्हणायची, कारण ते उगवेपर्यंत अहवाल माझ्या टेबलावरून हलत नसे आणि माझी साडेपाचची बस चुकत असे.

कारखाना तसा लहानच. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत, खनिजाच्या ट्रकांची धूळ बसून बसून जिथले पत्रे मुळातच लाल आहेत असं वाटायचं, तिथे आम्ही सत्तरएक माणसं कामाला होतो. अणुवीज केंद्रातल्या ज्या विजेच्या तारा काहीही झालं तरी चालू राहायला हव्यात, त्यांना आगीपासून वाचवणारं वेष्टण आम्ही बनवायचो. लोखंडी पन्हळीत तारा ठेवायच्या, भोवती चिनी मातीच्या तंतूंची पांढरी जाड गोधडी गुंडाळायची आणि वरून जाळी आवळायची. गोधडीला सगळे कापूसच म्हणायचे. मग असा एक नमुना डिझेलच्या भट्टीत घालून ठरलेल्या चढाने आग वाढवत न्यायची आणि तारेच्या टोकाला बाहेर लावलेला दिवा किती वेळ जळतो ते बघायचं. तासभर जळला पाहिजे असा नियम. तासाच्या आत दिवा गेला की नमुना नापास.

मी नोकरीला लागले तेव्हा मला या सगळ्याचं हसू यायचं. एक दिवा तासभर जळतो की नाही हे बघायला चार माणसं, एक भट्टी आणि पिंपभर डिझेल. तसं मी एकदा बोलून दाखवलं. जयरामबाब रागावले नाहीत. त्यांनी मला त्यांच्या बापाची गोष्ट सांगितली. बापाची चुन्याची भट्टी होती, तेरेखोलच्या खाडीकाठी. शिंपल्या जाळून चुना करायचे. विस्तव काढून घेतला तरी ती भट्टी तीन दिवस निवत नसे, आणि त्या तीन दिवसांत कोणी चुकून जवळ गेलं तर पाय भाजायचे. अणुभट्टीचंही तसंच, म्हणाले. बंद केली तरी पोटात ऊब राहते. ती निववायला पाणी खेळतं लागतं, पाण्याला पंप, पंपाला वीज आणि विजेला तार. म्हणून तारांच्या दोन वाटा ठेवतात. एक जळाली तर दुसरी.

“पेडण्याक जावक दोन वाटो आसत, बाय. एक बंद पडली तर दुसरेन जावचां,” ते म्हणाले. “दुसरीय जळली तर?”

असं मलाच विचारून ते उठून गेले. त्यानंतर मी त्या दिव्याला हसले नाही.

जयरामबाब केरीचे. केरी म्हणजे पेडण्याच्या टोकाची केरी, जिथून फेरीत बसून पलीकडे तेरेखोलच्या किल्ल्याला जातात ती. आठवडाभर डिचोलीत खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी पाव घेऊन घरी जायचे. उंच, वाळक्या अंगाचे. भट्टीसमोरही सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून असत, पण उजव्या हाताच्या मागच्या बाजूला एक केस शिल्लक नव्हता. कारण कुठल्याही गोष्टीची परीक्षा ते हाताच्या मागच्या बाजूने घ्यायचे. भट्टीचं दार, विजेची मोटर, कँटीनमधला उंडो पाव, सगळ्याला आधी तो हात. पावाला हात लावून तो पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीतून किती वेळापूर्वी निघाला ते ते सांगत, आणि आम्ही सायकलवरच्या पोदेराला विचारून खात्री करून घ्यायचो. माझ्या आठवणीत ते एकदाही चुकले नाहीत. चुकले असते तर आम्हांला फार आनंद झाला असता.

त्यांची दुसरी खोड म्हणजे तास भरला तरी भट्टी बंद करू देत नसत. घड्याळाकडे बघत उभी असलेली माणसं टाळ्या वाजवायची, कोणी डिझेलच्या चावीकडे हात न्यायचा, की यांचं सुरू, “रव. ताका सांगू दी.” त्याला म्हणजे दिव्याला. दिवा जाईपर्यंत ते खुर्चीत बसून राहायचे. पास झाला एवढं कळून काय उपयोग, किती सोसतो ते कळायला नको का, असं त्यांचं म्हणणं. दिवा गेला की बाकी सगळ्यांचे चेहरे उतरायचे आणि जयरामबाब खुशीत उठायचे.

तो काळ भाषेच्या भांडणाचा होता. कोंकणी की मराठी यावरून घराघरात पाट वेगळे झाले होते, आमच्या कँटीनमध्ये तर टेबलंच वेगळी झाली. एकावर कोंकणीवाले, दुसऱ्यावर मराठीवाले, आणि मधून चहाची किटली फिरवणाऱ्याचे हाल. जयरामबाब एक दिवस या टेबलावर, एक दिवस त्या टेबलावर बसायचे. बोलायचे पेडण्याचं, लिहायचे मराठी. दोन्ही टेबलांनी त्यांना आपल्यात ओढून पाहिलं. शेवटी एकाने तोंडावर विचारलं, तुम्ही नक्की कुठले? त्यांनी बशीतला चहा संपवला आणि भट्टीकडचा, असं सांगून निघून गेले. दोन्ही टेबलांनी मिळून त्यांची टिंगल केली. त्या महिन्यात दोन्ही टेबलांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट.

गोवा घटकराज्य होण्याच्या आदल्या वर्षी कारखान्याचं नशीब एका नमुन्यावर येऊन टेकलं. मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं की अणुवीज केंद्राकडून तपासायला येणाऱ्या पाहुण्यांनी वेष्टण मंजूर केलं तर पुढची कैक वर्षं काम आहे, नाही केलं तर शटर खाली. आणि आमचं वेष्टण तर त्या उन्हाळ्यापर्यंत रडतखडत चाललेलं. कधी पन्नास मिनिटं, कधी पंचावन्न, एखादवेळी कसाबसा तास.

जूनमध्ये गुंडाळायच्या कामाला पाच बायका आल्या आणि चित्र पालटलं. त्यांची मुकादम शेवंता. निपाणीकडची, नवरा सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकवर. बोटं अशी की बघत राहावं. तिने गुंडाळलेला नमुना पहिल्याच फेरीत तासाच्या वर गेला. दुसराही गेला, तिसराही गेला. शेवंताच्या हातगुणाचा कारखानाभर बोलबाला झाला. मॅनेजर तिला आल्यागेल्याला दाखवू लागले. ती पदर तोंडाला लावून उभी राहायची, पण आतून फुललेली दिसायची.

श्रावणात पाहुणे आले. दोघे होते, एक वयस्कर अधिकारी आणि एक त्यांच्या हाताखालचा. नमुना भट्टीत गेला. तास झाला, दिवा जळतच होता. सव्वा तास झाला तरी जळतच होता. पाहुण्यांची पणजीची गाडी होती म्हणून दीड तासाला चाचणी थांबवली, तेव्हाही दिवा चालू. मॅनेजरांनी पेढे मागवले. पाहुणे सगळ्यांशी हात मिळवून गेले. आता फक्त आमचा अहवाल त्यांच्याकडे जायचा बाकी होता.

जयरामबाबांनी पेढा घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला. चाचणी चालू असताना एका कागदाच्या पट्टीवर रेघा उमटत जात, बाहेरच्या आगीची एक आणि वेष्टणाच्या आतली एक. ती पट्टी घेऊन ते कँटीनमध्ये मधल्या रिकाम्या बाकावर बसले. मी अहवालासाठी त्यांच्या मागे लागलेली. त्यांनी पट्टी माझ्यासमोर धरली आणि आतल्या रेघेवर बोट ठेवलं. रेघ चढत चढत शंभर अंशांपर्यंत आली होती आणि तिथे आडवी पडली होती. बराच वेळ आडवी. मग पुन्हा चढली.

“शंभरार बसला,” ते म्हणाले. “बाय, तुज्या टोपात पाणी आसा तवसर टोप करपता?”

टोपात पाणी आहे तोवर टोप करपत नाही, हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण वेष्टणात पाणी कुठून आलं? ते उठले आणि तडक गुंडाळायच्या शेडकडे निघाले. मी मागोमाग गेले. अहवाल हवा होता म्हणून गेले असं मी स्वतःला सांगितलं.

शेडमध्ये बायका दुसऱ्या नमुन्यावर बसल्या होत्या. शेवंताच्या शेजारी एक बादली होती आणि बादलीच्या काठावर ओलं गोणपाट. गोणपाटात कापसाच्या पट्ट्या गुंडाळून ठेवलेल्या. जयरामबाबांनी एका पट्टीला हाताची मागची बाजू लावली. मग शेवंताला विचारलं, हे कधीपासून?

“पयल्यापासनंच की,” शेवंता म्हणाली. “भिजवल्याबिगर पान वळतंय व्हय?”

ती लग्नाआधी आणि लग्नानंतरही विड्या वळायची. टेंभुर्णीचं पान रात्री ओल्या गोणपाटात ठेवायचं, म्हणजे सकाळी मऊ होतं आणि वळताना चिरत नाही. कापसाची पट्टीही कोपऱ्यावर वळताना चिरायची, शिवाय तिचे तंतू हाताला खुपायचे. तिने तिच्या हाताला येत होतं ते केलं. वर जाळी आणि कापड आवळून घेतलं की बाहेरून काही कळायचं नाही, आणि डिचोलीत श्रावणात तर दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत. तिच्या हातगुणाने आमचे नमुने तगत होते ते असे. तगवत होतं ते पाणी.

जयरामबाब म्हणाले, बापाच्या भट्टीवरही असंच व्हायचं. ओली शिंपली घातली की भट्टी तापलीय असं वाटायचं आणि आत शिंपली कच्चीच. केंद्रात आमचं वेष्टण गरम तारांभोवती वर्षानुवर्षं असणार, तिथे ते महिन्याभरात कोरडं ठाक होणार, आणि आग लागली तर ती कोरड्या वेष्टणाला लागणार. शेवंताचा चेहरा पांढरा पडत गेला. तिने एवढंच विचारलं, की आता तिला काढून टाकतील का. मोठी मुलगी नुकती डिचोलीच्या शाळेत रुळली होती. जयरामबाबांनी बादली उचलली, बाहेर नेऊन ओतली आणि रिकामी परत आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांच्या खोलीत मी वही घेऊन बसले होते. मॅनेजर फोंड्याकडचे, माणूस भला. ते ओरडले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. नमुना ओला असू नये असा शब्द करारात कुठे नाही. पाहुण्यांनी डोळ्यांनी बघितलंय. कापूस पुढच्या खेपेपासून कोरडा वापरू, वेष्टण सुधारू, सगळं करू. पण आज जर हे लिहून पाठवलं तर शटर खाली येईल, आणि ते सत्तर घरांवर येईल. शेवंताच्याही.

“दिवा तासभर जळला की नाही, एवढंच सांगा,” ते म्हणाले.

“जळलो.”

“मग?”

“तो पाण्यान जळलो. थंय ह्यां पाणी आसाचां नाय.”

मॅनेजर मला म्हणाले, अहवाल नेहमीसारखा टायप करा, आणि शेवटी ‘विशेष काही नाही’ असं इंग्रजीत घाला, म्हणजे खाली काही लिहायला नको.

मी टायप केला. ते मी लपवणार नाही. माझ्या नवऱ्याचं काम वर्षातले सहा महिने चालू आणि सहा महिने बंद असे, दोन मुलं होती, आणि मला कारखाना चालू राहायला हवा होता. केंद्र कुठे आणि आपण कुठे, असंही मनात आलं. अहवाल जयरामबाबांच्या टेबलावर ठेवताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. लाज वाटत होती आणि लाज वाटते याचा रागही येत होता.

त्यांनी सगळा वाचला. माझी ‘विशेष काही नाही’ची ओळ त्यांनी खोडली नाही. सही केली आणि खाली त्याच गोल अक्षरात लिहिलं: ‘या चाचणीने कळले नाही ते असे. नमुना ओला होता. कोरडा किती टिकेल ते कळले नाही.’ शेवंताचं नाव कुठेच नव्हतं. मी विचारलं, उद्या चौकशी झाली तर, नमुना ओला कोणी केला?

“माजी चूक ती. तीन म्हयने झाले, तुमी कसां गुंडाळतास म्हणान मी एकदाय इचारूक नाय,” ते म्हणाले. “हातगुण, हातगुण म्हणान मीय गप रवलंय.”

मॅनेजरांनी तो अहवाल खणात ठेवला. पाठवलाही नाही आणि फाडलाही नाही. दोन दिवस ते कोणाशी धड बोलत नव्हते. जयरामबाब रोज वेळेवर येत, भट्टीची साफसफाई करत, एक दिवस या टेबलावर आणि एक दिवस त्या टेबलावर जेवत. तिसऱ्या दिवशी मॅनेजरांनी त्यांना बोलावून सांगितलं, कोरडा करून बघा तरी. काय ते आपल्याला आधी कळू दे.

पण श्रावणात कोरडं करायचं कुठे? जयरामबाब गेले बाजारातल्या मिंगेल पोदेराकडे. सकाळचे पाव निघाल्यावर त्याची भट्टी दुपारपर्यंत कोमट असते. पट्ट्या पत्र्याच्या डब्यात घालून तिथे ठेवायच्या, संध्याकाळी त्याच्याच पिठाच्या काट्यावर वजन करायचं. वजन उतरत होतं तोवर पाणी निघत होतं. सहाव्या दिवशी वजन उतरायचं थांबलं. मिंगेल तोवर इतका गुंतला होता की वजनाचे आकडे तोच खडूने दारावर लिहून ठेवू लागला.

कोरड्या पट्ट्या शेवंतानेच गुंडाळल्या, बोटं सोलवटत. दिवा एक्केचाळिसाव्या मिनिटाला गेला.

भट्टी निवल्यावर दुपारी शेवंता जळक्या नमुन्याजवळ जाऊन बसली. रडत असेल म्हणून मी गेले, तर ती जाळी काढून कोपरे बघत होती. चारही कोपऱ्यांवर पट्टी चिरली होती आणि तिथून आग आत शिरली होती. कोरडं पान असंच तडकतंय, ती म्हणाली. मग जयरामबाबांना सांगितलं की जाड पट्टी कोरडी वळणार नाही, एका जाडीच्या दोन पातळ करा. आणि एकीचा जोड दुसरीच्या जोडावर येऊ द्यायचा नाही. विडीतही पानाची शीर अशी ठेवायची असते की धागा तिच्यावर बसायला नको.

पंधरा दिवस ती आणि जयरामबाब शेडमध्ये पातळ पट्ट्या घेऊन बसले. एकाची भाषा निपाणीची, दुसऱ्याची केरीची, आणि वाद घालायचे ते दोघे आपापल्या बोलीत. गणपतीनंतरच्या पहिल्या चाचणीत कोरडा नमुना तासाच्या पुढे गेला. त्याच दिवशी मॅनेजरांनी खणातला अहवाल काढला, त्याला कोरड्या नमुन्यांचे दोन्ही अहवाल जोडले, एक्केचाळीस मिनिटांचाही, आणि सगळं एकत्र पाहुण्यांना पाठवलं. पाकीट मीच चिकटवलं. मला हलकं वाटलं, आणि भीतीही वाटली.

उत्तर यायला महिना लागला. पाहुणे पुन्हा येऊन बघणार होते. त्यांचं येणंही दोनदा लांबलं, कारण भाषेच्या आंदोलनात रस्त्यावर झाडं आडवी पडत होती. अखेर आले. त्या वयस्कर अधिकाऱ्याच्या हातात आमचा तो पहिला अहवाल होता आणि खालच्या मराठी ओळीखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारलेली. हे कोणी लिहिलं, एवढंच त्यांनी विचारलं. जयरामबाब पुढे झाले. अधिकाऱ्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि भट्टीजवळ एक खुर्ची मागून घेतली. मागच्या खेपेस ते ऑफिसात चहा पीत बसले होते.

तास झाला. टाळ्या झाल्या. जयरामबाबांनी हात वर केला आणि अधिकाऱ्यानेही मान हलवली, चालू दे म्हणून. एक तास पंधरा मिनिटांनी दिवा गेला, आणि जयरामबाब हसत उठले.

अहवाल मी तिथल्या तिथे टायप केला. या वेळी मॅनेजरांनी शेवटी काही घाला म्हणून सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं, आता लिहायला उरलं काय? जयरामबाबांनी सही केली आणि लिहिलं: ‘या चाचणीने कळले नाही ते असे. नमुना नवा होता. वीस वर्षांनी कसा असेल ते कळले नाही.’

मॅनेजरांनी कपाळाला हात लावला. अधिकारी मराठी जाणणारे होते. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, वीस वर्षांनी मी तर नोकरीत नसेन. मला हे कोण सांगणार?

“मी कळयतां,” जयरामबाब म्हणाले.

सगळे हसले. तेही हसले. मंजुरीचं पत्र पुढच्याच महिन्यात आलं. शेवंताच्या हाताखाली आणखी सहा बायका आल्या.

त्या शनिवारी जयरामबाब पावांच्या पिशवीबरोबर एक गोणपाटही घेऊन बसमध्ये चढले. आत पास झालेल्या नमुन्याच्या जोडीचा, शेवंतानेच गुंडाळलेला नमुना होता, दोन हात लांब, मॅनेजरांची परवानगी घेऊन नेलेला. कंडक्टरने विचारलं, काय आहे? उशी आहे, म्हणाले. पुढे एकदा आम्ही कारखान्यातल्या बायका तेरेखोलचा किल्ला बघायला गेलो तेव्हा फेरीआधी त्यांच्या घरी डोकावलो. ती उशी मागच्या पडवीत वाशाला टांगलेली होती. एका अंगाने समुद्राचं खारं वारं आणि दुसऱ्या अंगाने चुलीचा धूर. त्यांच्या बायकोने आमच्याकडे गाऱ्हाणं केलं, की घरात कपडे वाळत घालायची तेवढीच एक बरी जागा होती.

मग ते निवृत्त झाले. त्यांच्या मागे कोणीतरी शहाण्याने अहवालाचा फॉर्म छापून घेतला. त्यात खाली एक चौकोन होता, ‘चाचणीने न कळलेल्या बाबी’. जयरामबाबांची ओळ छापली गेली याचा मला आधी आनंद झाला. नंतर माझ्या लक्षात आलं की त्या चौकोनात सगळे जण ‘निरंक’ लिहितात. मीही तो शब्द टायप करून करून कंटाळले आणि मग कंटाळणंही बंद झालं.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी दहाच्या सुमारास गेटवरून फोन आला, कोणी म्हातारे गोणपाट घेऊन आलेत, भट्टी कधी मोकळी आहे विचारताहेत. मी चपला घालायच्याही विसरून धावले. पाठ वाकली होती, डोळ्यांना जाड चष्मा होता, आणि सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. “वीस वर्सां झाली, बाय,” ते म्हणाले. मी विसरले होते. सगळेच विसरलो होतो.

नव्या इंजिनियर बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी जरा अविश्वासाने विचारलं, समुद्राकाठी टांगलेला होता म्हणता, मग ओला असेल की. जयरामबाबांचा चेहरा उजळला. हा प्रश्न ऐकायलाच जणू ते केरीहून आले होते. त्यांनी खिशातून कागद काढला. तीन आठवडे केरीच्या पोदेराच्या भट्टीत ठेवून रोजचं वजन लिहिलेलं. वजन उतरायचं थांबलं तेव्हाच निघाले होते.

शेडमधून शेवंता आली. आता केस पांढरे, चार शेडांची सुपरवायझर. तिने गोणपाटातून नमुना काढला, कोपरे बोटांनी चाचपले आणि म्हणाली, “माझाच हाय.” तिनेच तो भट्टीत ठेवला. दिवा जोडला जाताना बघून माझ्या एकदम लक्षात आलं. मधल्या वर्षांत अकरा-बारा अणुभट्ट्यांवर गेलेली आमची वेष्टणं, ती सगळी आता याच वयाची होत चालली होती.

जयरामबाब खुर्चीत बसले. अर्धा तास झाला, पाऊण झाला. शेवंता माझा दंड धरून उभी होती. तास भरला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या, इंजिनियर बाईंनी चावीकडे हात नेला आणि खुर्चीतून आवाज आला.

“रव. ताका सांगू दी.”

एक तास नऊ मिनिटांनी दिवा गेला. ते हसले आणि काठीवर भार देऊन उठले. “वीस वर्सांत सहा मिनटां म्हातारो झालो. माज्यापेक्षा बरो.”

तोवर मी कपाटातून जुना अहवाल शोधून आणला होता. त्यांनी माझ्याच टेबलावर तो उघडला, स्वतःची शेवटची ओळ चष्म्याजवळ नेऊन वाचली, पट्टी घेऊन सरळ रेघेने खोडली आणि खाली लिहिलं, ‘कळले.’ पुढे मिनिटं, सही आणि तारीख. मग म्हणाले, याची नक्कल त्या सायबाक धाड, मी कळयतां म्हणून सांगलेलां. मी म्हटलं, ते कधीच निवृत्त झाले असतील, आहेत की नाहीत कोणास ठाऊक. तर म्हणाले, पत्तो आसा मा? मग धाड.

मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. वाटेत मिंगेलच्या मुलाकडे त्यांनी पाव घेतले आणि सवयीने हाताची मागची बाजू लावली. आत्ता निघालेले, म्हणाले. बस आली. माझा हात न घेता ते चढले, खिडकीशी बसले आणि रिकाम्या गोणपाटाची नीट घडी घालून मांडीवर ठेवली. बस पेडण्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ते माझ्याकडे नाही, त्या घडीकडेच बघत होते, खुशीत. मी परत आले, पत्र टायप केलं, पाकीट चिकटवलं, आणि त्या दिवसाचा फॉर्म पुढे घेऊन निरंकच्या जागी काय लिहायचं याचा विचार करत बसले. साडेपाचची बस चुकली.